पीएस टू घ्यायचाय? आधी पालथा करून लेबल वाचा

जुना प्लेस्टेशन टू शोधायला निघालेला माणूस दुकानात दोनच गोष्टी विचारतो: फॅट आहे की स्लिम, आणि केवढ्याला देणार. दुकानदारही तेवढ्याचीच उत्तरं देतो आणि सौदा होतो. खरी माहिती मात्र यंत्राच्या पाठीवर किंवा पोटावर चिकटवलेल्या लेबलावर असते. तिथे एससीपीएच ही अक्षरं आणि त्यापुढे पाच आकडे छापलेले असतात. पुढे दहा वर्षं खेळता येईल की सहा महिन्यांत यंत्र माळ्यावर जाईल, याचा बराचसा अंदाज त्या पाच आकड्यांवरून बांधता येतो.

सोनीने हे यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये बाजारात आणलं. त्याचं उत्पादन थांबल्याची बातमी आली ती २०१३च्या जानेवारीत. जगभर साडेपंधरा कोटींहून जास्त नग खपले. घरगुती गेमयंत्रांत एवढा खप आजवर दुसऱ्या कुठल्याच यंत्राचा झालेला नाही. इतक्या वर्षांत खोक्यावरचं नाव बदललं नाही, आतली यंत्रणा मात्र पुन्हा पुन्हा बदलली. कधी चिप एकत्र केल्या, कधी पोर्ट काढले, कधी पॉवर सप्लाय बाहेर नेला आणि पुन्हा आत आणला. म्हणून 'पीएस टू घेतला' एवढ्यावरून नेमकं काय घेतलं ते कळत नाही.

निवड करताना माझा आधार एकच असतो. या यंत्रात सगळ्यांत आधी लेन्स जाते. कारागीर जिला लेन्स म्हणतात, तो डिस्क वाचणारा लेझरचा भाग. तो झिजणारच आणि चांगला बदली भाग मिळणं दरवर्षी अवघड होत जाणार. तेव्हा लेन्स थकल्यावरही ज्याच्यावर दुसऱ्या वाटेने खेळता येईल, असं मॉडेल निवडावं. रंग, आकार, वजन हे सगळं त्यानंतर.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. पाचांपैकी पहिले एक-दोन आकडे पिढी सांगतात: ३००००, ५००००, ७००००, ७५०००, ७७०००, ७९०००, ९००००. शेवटचा आकडा यंत्र कुठल्या देशासाठी बनलं ते सांगतो. ० म्हणजे जपान, १ म्हणजे अमेरिका, ३ म्हणजे ब्रिटन, ४ म्हणजे युरोपातले इतर देश. हा शेवटचा आकडा आपल्याकडे फार कमी लोक बघतात, आणि नुकसान तिथेच होतं. एक तर गेमच्या डिस्कला प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिकेच्या यंत्रावर युरोपची डिस्क चालत नाही. आपल्या बाजारात रीतसर आलेल्या डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे युरोपच्या यंत्रावर चालणाऱ्या होत्या. मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवलेला 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' किंवा हैदराबादेत तयार झालेला 'देसी अड्डा' मूळ डिस्कवरून खेळायची हौस असेल, तर अमेरिकेचं यंत्र कामाचं नाही.

दुसरी गोष्ट विजेची. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला मावसभाऊ जाताना आपला जुना फॅट पीएस टू मोठ्या प्रेमाने देऊन जातो. त्या यंत्राचा पॉवर सप्लाय आतच असतो आणि तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. थेट प्लग लावला की सप्लाय उडतो आणि कधी कधी सोबत बोर्डही घेऊन जातो. असं यंत्र मिळालं तर ते जरूर ठेवा, पण आधी चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा. बाहेर अडॅप्टर असलेल्या स्लिमला हा धोका कमी, कारण अडॅप्टरच बदलता येतो. तरीही त्यावर लिहिलेले व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

आता फॅटकडे वळू. तेइयू गोतो यांनी आखलेला हा काळा ठोकळा ३०१ मिलिमीटर रुंद आणि ७८ मिलिमीटर उंच आहे. आडवा ठेवता येतो, उभाही करता येतो. डिस्कच्या ट्रेवरचं छोटं पीएसचं चिन्ह बोटाने फिरवलं की यंत्र जसं ठेवलं असेल तसं ते सरळ दिसतं. जुनं यंत्र हातात आलं की मी हे चिन्ह हमखास फिरवून बघतो. त्याने यंत्राची तब्येत कळत नाही, पण ज्यांनी ते बनवलं त्यांनी किती बारीक विचार केला होता ते कळतं.

जपानमध्ये सुरुवातीला आलेली १००००, १५००० आणि १८००० ही मॉडेलं संग्राहकांसाठी सोडून द्या. त्यांना मागे हार्ड डिस्कचा कप्पा नाही. ३०००० पासून तो कप्पा आला, आणि फॅटची खरी किंमत त्या कप्प्यातच आहे. मागचं झाकण काढायचं, सोनीचा नेटवर्क अडॅप्टर लावायचा, त्याला आयडीई जोडणीची साडेतीन इंची हार्ड डिस्क बसवायची आणि ते सगळं आत सरकवायचं. सोनीने स्वतःही या कप्प्यासाठी ४० जीबीची डिस्क विकली. 'फायनल फॅन्टसी इलेव्हन' तिच्याशिवाय चालत नसे. आज इतर उत्पादकांचे साटा जोडणीचे अडॅप्टर मिळतात, त्यामुळे जुन्या आयडीई डिस्कसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागत नाही. स्वतःजवळच्या डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर घेतली, ओपन पीएस टू लोडर हा फुकट मिळणारा प्रोग्राम मेमरी कार्डवरून सुरू केला, की गेम लेन्सला हात न लावता चालतात. बहुतेक गेम लोड व्हायलाही कमी वेळ घेतात.

३०००० आणि ५०००० यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून ५०००० घेईन. त्याचा पंखा शांत आहे आणि डीव्हीडीच्या रिमोटचा रिसीव्हर यंत्रातच आहे. आधीच्या मॉडेलांत तो बाहेरून कंट्रोलरच्या पोर्टला लावावा लागे. ५०००० मधून आय-लिंक हा पोर्ट काढून टाकला गेला. त्या पोर्टातून दोन-तीन यंत्रं जोडून 'ग्रॅन टुरिस्मो ३' खेळता येत असे. तेवढ्यासाठी कोणाला ३०००० हवा असेल तर त्याचं म्हणणं मला पटतं. बाकीच्यांना त्या पोर्टाची उणीव कधी भासणार नाही. ३०००० मध्ये 'डिस्क रीड एरर'चा त्रास फार गाजलेला आहे. आज मिळणाऱ्या नगांचं वयही जास्त, म्हणून त्यांची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

स्लिम २००४च्या अखेरीला आला. जाडी अवघी २८ मिलिमीटर, वजन ९०० ग्रॅम. ट्रे गेली आणि वरून उघडणारं झाकण आलं. हार्ड डिस्कचा कप्पा गेला, पण इथरनेटचा पोर्ट यंत्रातच आला. आपल्या निवडीच्या दृष्टीने हा पोर्ट महत्त्वाचा, कारण लेन्सशिवाय खेळायची स्लिमची वाट इथून जाते. घरातल्या कॉम्प्युटरवर गेमच्या प्रती ठेवायच्या, राउटरला केबल लावायची आणि तिथून खेळायचं. हार्ड डिस्कएवढा वेग मिळत नाही, पण बहुतेक गेम समाधानकारक चालतात. पुढच्या बाजूच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावून खेळायचा मोह अनेकांना होतो. तो पोर्ट यूएसबी १.१चा, म्हणजे फारच मंद आहे. गेममधले व्हिडिओ अडखळत चालतात आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलंय. मेमरी कार्डच्या खाचेत एसडी कार्ड लावायचे छोटे अडॅप्टर आता मिळतात. ते यूएसबीपेक्षा पुष्कळ बरे.

स्लिमच्या आतसुद्धा चांगलाच फरक आहे, आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही.

७०००० हा पहिला स्लिम. त्यात मूळ प्लेस्टेशनचा जुना प्रोसेसर अजून जिवंत आहे, त्यामुळे जुने गेम चालवण्यात तो पक्का. पण लेन्सची कॉइल जळण्याची तक्रार याच मालिकेबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते, विशेषतः कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून जादा चिप बसवलेल्या यंत्रांत. त्याच्या अडॅप्टरचाही इतिहास आहे. २००४च्या ऑगस्ट ते डिसेंबरदरम्यान बनलेले सुमारे ३५ लाख अडॅप्टर अतिगरम होतात म्हणून सोनीने २००५ मध्ये परत मागवले होते. ७०००० सोबत मूळ अडॅप्टर मिळाला तर त्यावरची तारीख पाहा, आणि तासभर खेळून झाल्यावर त्याला हात लावून पाहा.

७५००० पासून सोनीने तो जुना प्रोसेसर काढला आणि त्याच्या जागी त्याची नक्कल करणारी वेगळी चिप बसवली. बहुसंख्य गेमना फरक पडत नाही, पण काही थोडे गेम, त्यातही मूळ प्लेस्टेशनचे, अडतात किंवा चुकीचे चालतात. तुमचा जीव ज्या चार-पाच गेममध्ये अडकलाय ते या चिपवर नीट चालतात का, हे आधी शोधून घ्या.

७७००० आणि ७९००० या माझ्या मते स्लिममधल्या सर्वांत निर्धोक निवडी. ७९००० तर ६०० ग्रॅमपर्यंत हलका झाला. प्रवासात न्यायला, सुट्टीत गावी घेऊन जायला यासारखा दुसरा नाही. दोघांचाही अडॅप्टर बाहेर आहे आणि तो ८.५ व्होल्टचा. पिन बसते म्हणून राउटरचा किंवा सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर लावला, की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

९०००० मध्ये पॉवर सप्लाय पुन्हा आत आला. साधी दोन पिनांची केबल पुरते, अडॅप्टरचं लोढणं नाही. वापरायला सगळ्यांत सोपं यंत्र हेच, आणि वयाने सगळ्यांत लहान असल्यामुळे याची लेन्सही सहसा कमी झिजलेली असते. अडचण वेगळीच आहे. यंत्राखालच्या लेबलावर एक आकडा आणि एक अक्षर असा तारखेचा छोटा संकेत असतो. आकडा वर्षाचा, अक्षर तिमाहीचं. म्हणजे ८बी २००८ची दुसरी तिमाही. ८सीच्या सुमारास सोनीने आतला मूळ प्रोग्राम बदलला, आणि मेमरी कार्डवरून लोडर सुरू करण्याची सर्वांत सोपी वाट, जिला फ्री एमसीबूट म्हणतात, ती बंद झाली. पुढे हौशी मंडळींनी दुसऱ्या वाटा शोधल्या, पण त्यांत खटपट जास्त. म्हणून ९०००० घेत असाल तर ८ए किंवा ८बी पाहा. ८सीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्यापुढचा नग फक्त डिस्कवरच खेळायचं असेल तर घ्या.

मॉडेल ठरलं, आता नग तपासायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा कोणाच्या घरी जाऊन, कुठेही घेत असाल तरी खिशात स्वतःच्या डिस्क घेऊन जा. विक्रेत्याने आधीच आत ठेवलेल्या डिस्कवर विश्वास ठेवू नका. ती चालते हे त्याला माहीत असतं. डिस्क निवडतानाही डोकं वापरा. पीएस टूचे काही सुरुवातीचे गेम सीडीवर आहेत, त्यांची खालची बाजू निळी असते. डीव्हीडीवरचे गेम रुपेरी असतात. यंत्र सीडी वाचायला वेगळा किरण वापरतं आणि डीव्हीडी वाचायला वेगळा, त्यामुळे एक चालली म्हणून दुसरी चालेलच असं नाही. मूळ प्लेस्टेशनची काळी डिस्क असेल तर सीडीची परीक्षा तिच्यावरही होते. सगळ्यांत कठीण परीक्षा दोन थरांच्या डीव्हीडीची. 'गॉड ऑफ वॉर' आणि 'गॉड ऑफ वॉर २' हे दोन्ही गेम अशा डिस्कवर आहेत. थकलेली लेन्स पहिला थर कशीबशी वाचते आणि दुसऱ्या थरावर गेली की अडखळते. ते दोन्ही सहज चालवणाऱ्या यंत्राची लेन्स अजून दमदार आहे असं समजायला हरकत नाही.

निदान अर्धा तास खेळा. थंड यंत्र सुरुवातीला नीट चालतं आणि गरम झालं की आवाज तुटू लागतो, व्हिडिओ थांबतात, मग लाल पडदा येऊन योग्य डिस्क घाला म्हणतो. डिस्क बाहेर काढल्यावर ती उजेडात तिरकी धरा. स्लिममध्ये लेन्सची पट्टीसारखी केबल कधी कधी वर उचलली जाते आणि डिस्कवर गोल ओरखडे उमटतात. असा ओरखडा दिसला तर व्यवहार थांबवा. तुमच्या डिस्क यंत्रापेक्षा दुर्मीळ आहेत.

कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा: लेन्सचा पॉट फिरवलाय का? लेन्सवर स्क्रूसारखा एक बारीक भाग असतो. तो फिरवून लेझरचा जोर वाढवता येतो, आणि न चालणारी डिस्क लगेच चालू लागते. पण वाढलेल्या जोराने लेझर लवकर संपतो. असं यंत्र दुकानात झकास चालतं आणि घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडतं. खरं बोलणारा कारागीर हे कबूल करतो, आणि त्याच्याकडून मी दोन पैसे जास्त देऊनही घेईन. फॅटची लेन्स बदलायची झाली तर केएचएस-४००सी हा क्रमांक लक्षात ठेवा. नवी म्हणून मिळणारी स्वस्त नक्कल फार टिकत नाही.

चिप मारलेल्या यंत्रांबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. एकेकाळी आपल्याकडे विकला जाणारा पीएस टू बहुतेक चिप मारलेलाच असे आणि डिस्क फुटपाथवर मिळत. त्या कॉपी केलेल्या डिस्क स्वस्त दर्जाच्या होत्या. त्या वाचताना लेन्सला जास्त कष्ट पडतात. त्यामुळे बरीच वर्षं अशाच डिस्कवर चाललेलं यंत्र आतून दमलेलं असण्याची शक्यता मोठी. शिवाय चिपसाठी बोर्डावर बारीक तारा जोडलेल्या असतात. त्या कोणी नवख्याने जोडल्या असतील तर हालचालीने सुटतात. कुलूप न तोडलेलं, न उघडलेलं, स्क्रूंवरची सीलं शाबूत असलेलं यंत्र मिळत असेल तर त्यालाच प्राधान्य द्या.

टीव्हीचा विचार शेवटी का होईना, करायलाच हवा. पीएस टूचे बहुतेक गेम जुन्या डबा टीव्हीसाठी बनले आहेत. असा टीव्ही घरात असेल तर काढू नका. चित्र जसं असायला हवं तसं तिथेच दिसतं, आणि बंदुकीने खेळायचे गेम फक्त तिथेच चालतात. नव्या सपाट टीव्हीवर पिवळी-पांढरी-लाल पिन लावली तर चित्र गढूळ येतं. त्यापेक्षा पाच पिनांची कंपोनंट केबल घ्या. सगळ्या मॉडेलांत ती चालते, त्यासाठी विशिष्ट मॉडेल शोधायची गरज नाही. केबल लावण्याआधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओची निवड आरजीबीवरून दुसऱ्या पर्यायावर न्या, नाहीतर रंग विचित्र दिसतील आणि तुम्हाला केबल खराब वाटेल. 'टेकन ५'सारख्या काही गेममध्ये सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही बटणं दाबून धरली की ४८०पी मिळतं. नव्या टीव्हीवर त्याने बराच फरक पडतो.

सोबतच्या वस्तूंत मेमरी कार्ड सोनीचं ८ एमबीचंच घ्या. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेली स्वस्त कार्डं भरत आली की सेव्ह गिळतात. चौघांनी खेळायचा मल्टिटॅप घेणार असाल तर फॅटचा आणि स्लिमचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. कंट्रोलर, म्हणजे आपण ज्याला रिमोट म्हणतो, तो ड्युअलशॉक २ असल्याची खात्री करा. त्याची बटणं किती जोराने दाबली ते ओळखतात. 'ग्रॅन टुरिस्मो ३' लावा आणि फुलीचं बटण आधी हलकं, मग जोरात दाबून गाडीचा वेग पाहा. नकली रिमोटवर गाडी थांबलेली असते किंवा सुसाट सुटलेली.

घरात जागा असेल, यंत्र कायम एका ठिकाणी राहणार असेल, तर ५०००० घ्या आणि पहिल्याच महिन्यात त्यात हार्ड डिस्क बसवा. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात, कपाटातून काढून रविवारी लावायचा असेल तर ७७००० किंवा ७९००० घ्या. मुलांच्या हातात द्यायचा असेल, अडॅप्टर-केबलचा पसारा नको असेल तर ८बीपर्यंतचा ९०००० घ्या. अमेरिकेहून आलेला फुकटचा फॅट मिळाला तर नाही म्हणू नका, फक्त आधी ट्रान्सफॉर्मर आणा. आणि व्यवहार ठरला की पैसे देण्याआधी बिलावर किंवा साध्या कागदावर लेबलावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मागा, आणि त्या सात दिवसांत दोन थरांची एक डिस्क रोज लावून पाहा.